मूळ लेखिका संपर्कात आहे

सोलापूर, ३ जानेवारी

राहत,

तू माझा फोन उचलत नाहीस आणि माझे मेल कुठे जाऊन पडतात ते तुलाच ठाऊक. पोस्टमनला मात्र तू अजून ब्लॉक केलेलं नाहीस, म्हणून हे हातानं लिहिलेलं पत्र. पत्ता तुझ्या मावशीनं, कमरबी खालांनी दिला. देताना "मैं दी बोलको मत बोल" असं पुन्हा पुन्हा बजावलं, तेव्हा मी तसं काही बोललेले नाही.

आधी बातमी. सोलापुरात ब्लॉगवाल्यांचं संमेलन होतंय. हो, आपल्या सोलापुरात. अठरा-एकोणीसला, होटगी रोडवरच्या एका कॉलेजच्या सभागृहात. ब्लॉगचं सॉफ्टवेअर वापरणारे आणि त्यासाठी कोड लिहिणारे, दोन्ही जातीची माणसं येणार. आपण दोघी एसटीनं पुण्याला, नाशिकला अशा संमेलनांना जायचो, गळ्यात नावाची पट्टी घालून मिरवायचो आणि येताना पिशवीभर स्टिकर आणायचो. तेव्हा तू म्हणायचीस, एकदा आपल्या गावात करू या. तर करतेय. समिती आहे म्हणायला, पण सभागृह, जेवण, बॅनर, पाहुण्यांची सोय, सगळं माझ्याच गळ्यात. कुणी घातलं नाही, मीच घालून घेतलं. गड्ड्याची जत्रा भरलेली असताना तारीख ठरवणारी शहाणीही मीच. आता एकाही लॉजमध्ये खोली मिळेना.

दुसरं काम दुबाजूचं, आणि तेच खरं. आपलं दुबाजू मोडलंय. ब्लॉगच्या मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि त्याला जोडलेल्या आपल्या प्लगइनचे पाय लटपटले. उजवीकडून उर्दू, डावीकडून मराठी, एका पानावर दोघी गुण्यागोविंदानं नांदाव्यात म्हणून आपण ते केलं होतं, आता दोघी एकमेकींच्या ओळीत घुसतायत. खालांच्या रेसिपीच्या ब्लॉगवर आल्याची मापं मिठाच्या ओळीत गेली. विजापूर वेशीतल्या एका बाईनं ते वाचून खिमा केला आणि दुसऱ्या दिवशी खालांच्या दारात येऊन भांडली. खाला म्हणतात, एवढी वर्षं ब्लॉग लिहिते, अशी बेइज्जती कधी झाली नाही.

दुरुस्ती मी करू शकते. पण नवी आवृत्ती चढवायचा हक्क फक्त तुझ्या खात्याला आहे, कारण नोंदणी तू केली होतीस. माझं नाव खाली सहलेखिका म्हणून, शोभेला. तर एवढंच कर, आत जा आणि दुबाजू माझ्या नावावर करून टाक. मग मी तुला त्रास देणार नाही.

मी रागावलेली नाही. दोन वर्षं झाली त्याला. सोमवारी तू आपण दोघींनी थाटलेल्या वेबसाइटच्या ऑफिसला आली नाहीस, आणि मंगळवारी मला दुसऱ्याकडून कळलं की तुला पुण्यात नोकरी लागली. शाळेची वेबसाइट अर्धी पडली होती, ती मी एकटीनं उभी केली. असो. तुझ्या खोलीत म्हणे एक पुण्याची मुलगी असते. आमटीत साखर घालते का ती? आणि तू खातेस? शरम वाटू दे.

रुद्राणी


सोलापूर, ११ जानेवारी

राहत,

उत्तर नाही. ठीक. पण आता प्रकरण माझ्यापुरतं राहिलेलं नाही.

बार्शीचा एक जोतीराम नावाचा गृहस्थ आहे, दुकानांच्या वेबसाइटी करतो. त्यानं दुबाजू दत्तक मागितलंय. आपल्यातली रीत तुला माहीतच आहे. लेखक बरेच महिने फिरकला नाही, की कुणीही उघडपणे विचारू शकतं, हे प्लगइन मी सांभाळू का. आधी मूळ लेखकाला हाक मारायची, थांबायचं, आणि हाकेला ओ आली नाही तर प्लगइनच्या टीमनं ते नव्या माणसाच्या हवाली करायचं. तुझ्या नावानं जोतीरामनं तिथे जाहीर हाक मारली आहे. अगदी सभ्य भाषेत, 'आदरणीय राहत मॅडम' वगैरे. मॅडमनी ओ दिलेली नाही.

माझं डोकं फिरलंय. परका माणूस आपलं काम घेऊन जाणार आणि तू तिकडे ढिम्म बसलीस. त्या प्लगइनमधली कोणती ओळ आपण कोणत्या भांडणानंतर लिहिली ते मी अजून सांगू शकते. आणि शेवटच्या महिन्यांत तर ते मीच ओढलं. तू काय चुका करत होतीस आठवतं? कंस उघडा, ओळीच्या टोकाचं चिन्ह गायब, एका फाइलीतलं दुसरीत. जिन्यातून येताना दोनदा माझ्या अंगावर आदळलीस आणि वर मलाच म्हणालीस, बाजूला हो की. लक्ष उडालं होतं तुझं, पुण्याकडे लागलं होतं. तरी मी एक शब्द बोलले? तू घरी गेलीस की मी गुपचूप सगळं दुरुस्त करून ठेवायचे. तुला कळलंसुद्धा नसेल.

तुझ्याकडून आभार नकोत. फक्त हक्क माझ्याकडे दे. अठराच्या आत.

रुद्राणी

ता.क. साखरेचं उत्तर दिलं नाहीस. म्हणजे खातेस.


सोलापूर, १८ जानेवारी, संध्याकाळ

राहत,

हे पत्र मी टाइप करतेय. खालांच्या मेलवरून ते तुझ्याकडे येईल. का ते तुला कळलं असेल.

आज संमेलनाचा पहिला दिवस. माणसं मी घाबरले होते त्याहून जास्त आली. चहा दोनदा संपला, कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर बाहेरची मंडळी तुटून पडली, टी-शर्ट सगळे एकाच मापाचे निघाले. मी सकाळपासून पळत होते. खालांना मी वापरणाऱ्यांतर्फे बोलायला बसवलं होतं. ठेवणीतली साडी, डोळ्यांत सुरमा, आणि माइक सोडायला तयार नाहीत. "मेरा ब्लॉग अमेरिकामें बी पढते" म्हणाल्या आणि टाळ्या घेतल्या.

दुपारी नाशिकच्या आरोहीचं सत्र होतं. ती जन्मापासून अंध आहे, आणि वेबसाइट वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरायला शिकवते. तिनं विचारलं, इथल्या कुणाची साइट घेऊ या? खाला ताडकन उठल्या, मेरी लेव. मी दारात पाण्याच्या बाटल्यांचं खोकं घेऊन उभी होते. मशीन वाचायला लागलं. आधी अर्धी मराठी ओळ, मग भलतीकडची उर्दू, मग पुन्हा मराठीचं शेपूट. सभागृह खो-खो हसलं. मीही हसले. म्हटलं, मोडलंय ना, म्हणून. तर आरोही शांतपणे म्हणाली, "ही मोडल्यामुळे झालेली चूक नाही. दुबाजू मी पूर्वी जुन्या आवृत्तीवरही वापरून बघितलंय, तेव्हाही असंच वाचलं जायचं. बनवणाऱ्यांनी पान डोळ्यांना नीट दिसेल असं बसवलं. ते कधी ऐकून बघितलं नाही."

खाला एकदम उठून बाहेर गेल्या. मी खोकं तिथेच टाकून मागे धावले. जेवणाच्या मांडवामागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "राहत बी यइच बोलती थी, सुनको देखे नै बोलको." मी म्हटलं, ती कशाला ऐकून बघेल? खाला माझ्याकडे वळल्या.

"तेरेकू सच्ची मालूम नै? उसकी आँखां जारे, बेटी. बाजूबाजूसे अंधेरा. बीचका थोडा दिखता, वो बी बारीक नै दिखता. अब मशीन पढको सुनाता, वो सुनको काम करती."

मी विचारलं, खाला, कधीपासून? तर म्हणाल्या, सोलापूर सोडायच्या आधीपासून. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं तिनं?

"मैं बोली थी, रुद्राणीकू बोल. नक्को बोली. बोली, वो मेरा काम बी करलेंगी, मेरेकू कुर्सीपो बिठाके रखेंगी. मेरी गलत्यां चुपकेसे सुधारती, मेरेकू सब मालूम है बोली. मैं बैठको खानेवाली नै बोली."

म्हणजे तुला कळत होतं.

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते अर्धंच खरं ठरेल. मला राग आला. अजून आहे. तू माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून आंधळी होत होतीस आणि मला वाटत होतं तुझं लक्ष उडालंय. तू मला तुझ्याशी भांडायची संधीसुद्धा दिली नाहीस. काय केलं असतं मी हे तूच परस्पर ठरवलंस. आणि बरोबर ठरवलंस, याचा मला सगळ्यात जास्त राग येतोय. केलंच असतं मी तसं. तुझी खुर्ची खिडकीपाशी नेली असती, तुझं काम माझ्या टेबलावर आणलं असतं, आणि वर सगळ्यांना सांगत फिरले असते की मी राहतसाठी किती करते.

पाण्याच्या टाकीमागे जाऊन मी रडले. मग तोंड धुऊन आत गेले, कारण आभार प्रदर्शन माझ्याकडे होतं.

खालांनी आणखी एक सांगितलं. माझी हातानं लिहिलेली पत्रं तुला ती खोलीतली मुलगी वाचून दाखवते म्हणे. मी दोन वर्षांनी एवढं मन मोकळं करून शिव्या दिल्या, आणि त्या साखरेसकट एका अनोळखी पुणेरी मुलीनं मोठ्यानं वाचल्या. तिला माझा नमस्कार सांग. तुझी मात्र माफी मागणार नाही. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि तेही समोरासमोर.

रुद्राणी


सोलापूर, २० जानेवारी

राहत,

काल दुसरा दिवस झाला. तुला तो जास्त आवडायचा, भाषणं नाहीत, गोल टेबलं मांडायची आणि ज्याला जे येतं ते त्यानं सॉफ्टवेअरसाठी बसून करायचं. एका टेबलावर मराठी अनुवाद, एकावर चुकांची तपासणी, एकावर प्लगइनवाले. जोतीराम तिथे सकाळपासून ठाण मांडून होता. मला वाटलं होतं चलाख माणूस असेल. तर कानाला मफलर गुंडाळलेला, चहाची बशी करून पिणारा साधा माणूस निघाला.

मला बघितल्यावर उठून उभा राहिला. म्हणाला, "ताई, बार्शीत माझ्या दोन गिऱ्हाइकांच्या साइटी दुबाजूवर हायत. रोज फोन येत्यात. मला तुमचं काय बळकवायचं न्हाय. तुमीच घ्या की."

"मला कसं मिळणार?"

"तुमी सहलेखिका हाय. तुमी तितं फकस्त एक वाक्य लिवा, मूळ लेखिका संपर्कात नाही. बास. टीमचा माणूस हितंच बसलाय, जेवायच्या आत हक्क तुमच्या नावावर."

टीमचा माणूस बंगळूरहून आला होता. त्यानं मान हलवली. मी जोतीरामच्या खुर्चीत बसले. दुरुस्ती माझ्याकडे आठवडाभर तयार पडलीय. कानाला क्रम कसा नीट लावायचा तेही मी आरोहीला विचारून घेतलं होतं. एका वाक्यानं दुबाजू माझं झालं असतं, संध्याकाळपर्यंत खालांची मापं जागेवर आली असती. आणि वाक्य खोटंही नव्हतं. तू संपर्कात नव्हतीसच. दोन पत्रांना उत्तर नाही, मेलला नाही, जाहीर हाकेलाही नाही.

खाला शेजारी येऊन बसल्या होत्या. त्यांना विचारलं, काय करू? नाही लिहिलं तर तुमचा ब्लॉग असाच मोडका राहील कदाचित.

"मेरेकू मत पूछ," म्हणाल्या. "पन्ना मेरा है, पन चीज तो उसकी है."

माझे हात कीबोर्डवर होते. मला स्वतःचीच चीड आली. कारण माझ्या डोक्यात चाललं होतं की हे मी तुझ्यासाठीच करतेय, तुझ्या डोळ्यांना त्रास नको म्हणून. हेच तू खालांना सांगितलं होतंस, आणि मी भर सभागृहात तेच करायला बसले होते.

मी लिहिलं, 'मूळ लेखिका संपर्कात आहे. तिला वेळ द्यावा.' आणि खाली माझं नाव.

जोतीरामनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "आन् त्या न्हाय बोलल्या तर?"

टीमच्या माणसानं सांगितलं की दुबाजूतल्या चुकीबद्दलची तक्रार अजून उघडी आहे, जानेवारीअखेर मूळ लेखिकेकडून काही आलं नाही तर दुबाजू यादीतून काढावं लागेल, मग ते दत्तकही जाणार नाही. जोतीराम मला म्हणाला, "ताई, तुमी लई मोठी रिस्क घेतली बघा." चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हा आता असं आहे. मी तिथे लिहिलेलं खरं आहे की खोटं, ते तुझ्या हातात. मला हक्क नको. ते मागणं मी मागे घेते. तुला सांभाळायचं असेल तर सांभाळ, जोतीरामला द्यायचं असेल तर दे, मरू द्यायचं असेल तर मरू दे. पण तू ठरव.

रुद्राणी


सोलापूर, २७ जानेवारी

राहत,

सकाळपासून ते दत्तकाच्या मागणीचं पान किती वेळा उघडलं ते विचारू नकोस. चहा गार होतो, गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, आणि माझा हात आपला तिकडेच. अव्वा वैतागली लेकीच्या येरझाऱ्यांना. "सुम्न कूडु," म्हणते तिच्या कानडीत, गप बस म्हणून. लहानपणापासून सांगते, अजून जमलेलं नाही.

काल ते वाचून दाखवणारं मशीन माझ्या संगणकावर चढवलं आणि डोळ्यांवर ओढणी बांधून बसले. आपल्याच ऑफिसच्या साइटवर मला आपला फोन नंबर सापडेना. पंधरा मिनिटांत ओढणी फेकून दिली. तू यावर कोड लिहितेस. कशी लिहितेस? मला दया येत नाहीये, गैरसमज करून घेऊ नकोस, मला हेवा वाटतोय. आपल्या दोघींत तू हुशार आणि मी पळापळ करणारी, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर मी जास्त पळायचे.

जोतीरामचा फोन आला होता. "आलं का वो काय?" एवढंच विचारतो आणि ठेवतो. त्यानं त्याच्या गिऱ्हाइकांना महिनाअखेरपर्यंत थोपवून धरलंय.

एकदा सरळच लिहिते. मला तुझी आठवण येते. दुबाजूसाठी नाही, ऑफिससाठी नाही. समोरच्या खुर्चीतून "रुद्राणी, गप बस आणि वाच जरा" असं मला कुणी म्हणत नाही आता. अव्वा म्हणते, पण तिला कोड कळत नाही.

रुद्राणी


सोलापूर, १ फेब्रुवारी

राहत,

काल दुपारी एका दुकानदाराला त्याचा पासवर्ड समजावत होते, तेवढ्यात जोतीरामचा फोन आला. नुसता ओरडत होता, "ताई, आलं! आलं की वो!"

मी पान उघडलं. त्याच्या आदरणीय मॅडमच्या खाली तुझी ओळ होती. 'मी आहे. दत्तक देणार नाही. चुका असतील तर कळवा, दुरुस्त करीन.' आणि त्याखाली नवी आवृत्ती, बदलाच्या नोंदीसकट. 'मराठी आणि उर्दूचा क्रम आता कानालाही बरोबर जातो. चाचणी ऐकून केली आहे.'

माझ्या दोन वर्षांच्या पत्र-फोन-मेलला तुझं उत्तर नाही, आणि बार्शीच्या माणसाला एकदम तीन वाक्यं. तरी मी उठून दुकानदाराचा हात हातात घेतला. तो घाबरला.

खालांकडे धावत गेले. आम्ही दोघींनी त्यांचा पूर्ण ब्लॉग मशीनला वाचायला लावला आणि ऐकत बसलो. आलं आल्याच्या ओळीत, मीठ मिठाच्या. खाला मध्येच म्हणाल्या, "मेरेइच मुँहसे बोलरा जैसा." मग त्या आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. जोतीरामच्या दोन्ही साइटी सुरळीत झाल्या. तो म्हणतो मॅडम सोलापूरला आल्या की बार्शीला घेऊन या.

आता ऐक. तुझ्या आवृत्तीत एक चूक आहे. उर्दू परिच्छेद आकड्यानं संपला आणि लगेच खाली मराठी सुरू झाली, की पूर्णविराम आधी वाचला जातो आणि आकडा मागाहून येतो. खालांच्या खिम्यात नाही, पण फिरनीत सापडली मला. कारणही सापडलं. राहवलं नाही म्हणून काल दुरुस्ती लिहून काढली, चालवून बघितली, चालली. मग तुझ्याकडे पाठवायला म्हणून बसले, आणि थांबले.

ती दुरुस्ती मी पुसून टाकली. कारण काय तेही सांगणार नाही. चूक मी तिथे उघडपणे नोंदवली आहे, माझ्या नावानं, जरा खोचक भाषेत, आपण एकमेकींना लिहायचो तशी. ती तुझी चूक आहे, तूच काढ. मी हात लावणार नाही. लवकर कर फक्त, मला वाट बघता येत नाही.

रुद्राणी